सहा मित्र, चौदा रात्री, युरोपातली रेल्वे : आराखडा तपासून द्या

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण नाशिकचे, १९९६ च्या बारावीच्या एकाच वर्गातले. तीन जण नोकरीत (त्यात मी, बँकेत), एक भूगोलाची शिक्षिका, एकाचं औषधांचं दुकान आणि एकाची दिंडोरीकडे द्राक्षबाग. गेली दहा वर्षं गंगापूर रोडच्या एकाच टपरीवर चहा पीत 'एकदा युरोपला जायचं' म्हणतोय. आमच्यातल्या एकाची गेल्या दिवाळीत अँजिओप्लास्टी झाली. त्याच्या बिछान्याशेजारी बसून ठरलं की आता पुढे ढकलायचं नाही.

यात्रा कंपनीबरोबर जायचं नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर आणि दिवसभर बसमध्ये, असं नको. रेल्वेनं फिरायचं. आम्ही सगळे नाशिकरोड स्टेशनच्या भोवती वाढलेलो, रेल्वे आमच्या अंगात आहे.

वेळ : गणपती उठले की निघायचं आणि बागेची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सुरू व्हायच्या आत परत. ही खिडकी साधारण सोळा-सतरा दिवसांचीच आहे आणि ती हलत नाही. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको.

कच्चा आराखडा असा : पॅरिस २ रात्री, अ‍ॅमस्टरडॅम २, बर्लिन १, प्राग २, व्हिएन्ना २, बुडापेस्ट १, व्हेनिस १, इंटरलाकेन २, रोम २. एकूण १५ रात्री. नकाशावर गोल छान दिसतो. युरेल पास (अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास) काढावा असं म्हणतोय.

विचारायचं ते हे : पास परवडतो का? व्हिसा कुठल्या देशाचा मागायचा? दोघं पक्के शाकाहारी, एकीचा गुडघा दुखतो. आणि सहा जणांचं एकमत टिकवून कसं फिरायचं? ज्यांनी केलंय त्यांनी हातचं न राखता सांगा.

---

पहिनेची_वाट

वाचतोय. आमचाही चौघांचा असाच विचार आहे, त्यामुळे या धाग्याला चिकटून राहणार.

---

आल्प्सवेडी

गोदाकाठ, आधी अभिनंदन. बिछान्याशेजारी ठरलेल्या सहली होतातच, हा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या आराखड्याबद्दल स्पष्ट बोलते. नऊ मुक्काम म्हणजे आठ वेळा गाव बदलणं. गाव बदलायचा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी उठून सहा जणांच्या अंघोळी, एकाच घरात बहुधा दोनच न्हाणीघरं. बॅगा भरायच्या, चार्जर शोधायचे, दहाला खोली सोडायची. मेट्रोनं स्टेशनवर, तिथं अर्धा तास आधी. चार तास गाडी. नव्या गावात उतरून ट्राम कुठली ते शोधायचं, घराच्या किल्लीचा कोड टाकायचा, तो पहिल्यांदा लागत नाही. दुपारचे चार वाजतात. मग सगळ्यांना भूक लागलेली असते आणि कोणालाच काही बघायचं नसतं. असे आठ दिवस, म्हणजे तुमची निम्मी सहल.

आम्ही पहिल्या वेळी अकरा दिवसांत सात गावं केली. घरी आल्यावर फोटो कुठल्या गावाचा ते ओळखू येईना. दुसऱ्या वेळी सोळा दिवसांत चार गावं केली. त्यातल्या व्हिएन्नाच्या आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या बाई तिसऱ्या दिवशी आम्ही दारात दिसलो की काळा पाव कापायला घ्यायच्या. तो पाव मला अजून आठवतो.

चार मुक्काम करा, जास्तीत जास्त पाच. एक रात्र कुठेच नको. राहिलेल्या गावांसाठी पुन्हा जाता येतं.

आणखी एक : ज्या गावात उतराल तिथूनच परत यायची सक्ती करून घेऊ नका. जाताना एक शहर, येताना दुसरं, असं एकाच तिकिटावर मिळतं. विमान कंपन्यांच्या साइटवर 'मल्टिसिटी' म्हणून खिडकी असते. गोल पूर्ण करायला मागे फिरावं लागत नाही, एक पूर्ण दिवस वाचतो.

---

सातपूरकर

व्हिसाचं मी सांगतो, दोन वेळा केलंय.

शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत, एका व्हिसावर सगळे चालतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे. इंग्लंड यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा, त्यामुळे कोणी 'युरोस्टारनं लंडनला एक चक्कर मारू' म्हणालं तर तिथेच थांबवा.

अर्ज कुठे करायचा याचा नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात पहिल्यांदा पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आता तुमचा कच्चा आराखडा बघा. फ्रान्स २, नेदरलँड्स २, जर्मनी १, चेकिया २, ऑस्ट्रिया २, हंगेरी १, स्वित्झर्लंड २. आणि इटली? व्हेनिस १ अधिक रोम २ म्हणजे ३. तुम्ही पॅरिसला उतरणार म्हणून फ्रान्सकडे गेला असता आणि अर्ज चुकीच्या दारात पडला असता. रात्री शहरावार मोजू नका, देशावार मोजा.

शुल्क प्रौढाला ९० युरो, जून २०२४ पासून. त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी, पण त्या मुदतीवर कोणी विसंबू नये. निर्णयाला साधारण १५ दिवस आणि काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. भेटीची वेळ मिळवणं हे खरं काम. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो. ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय त्यांनी ती विमा अर्जात लिहायचीच, आणि आधीपासूनच्या आजाराला संरक्षण देणारी पॉलिसी घ्यायची. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

सहा जणांचे सहा स्वतंत्र अर्ज, पण आराखडा, हॉटेलं आणि विमान सगळ्यांचं शब्दशः एकच हवं. एकानं दोन तारखा वेगळ्या लिहिल्या की सहाही जणांना प्रश्न येतात.

---

नेकारतीर

मी मूळची इंदिरानगरची, आता बारा वर्षं श्टुटगार्टमध्ये. रेल्वेनंच फिरते, गाडी घेतलीच नाही.

पासबद्दल. आम्ही इथले रहिवासी म्हणून इंटररेल घेतो, तुम्हाला युरेल मिळेल. ३३ देशांत चालतो. एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस प्रवास, दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस, असे प्रकार आहेत. पास फोनमध्ये असतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि ६० च्या पुढच्यांना सवलत, तुम्ही दोन्हीत बसत नाही.

पण पास घेतला म्हणजे गाडीत जाऊन बसलं, असं सगळीकडे होत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथं बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही, युरोस्टार आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना आहे, आणि त्याचे पैसे पासच्या वर द्यावे लागतात. शिवाय फ्रान्समध्ये पासवाल्यांसाठी जागांचा कोटा ठरलेला असतो. तो संपला की गाडी अर्धी रिकामी असली तरी पासवर आरक्षण मिळत नाही.

पासचे पैसे हे मोकळेपणाचे पैसे असतात. आज पाऊस आहे, उद्या जाऊ, असं ज्यांना करायचंय त्यांनी पास घ्यावा. तुमच्या तारखा, मुक्काम आणि सहा माणसं पक्की आहेत. चारच मोठे प्रवास असतील तर सुटी तिकिटं आधी काढलेली बहुतेक वेळा स्वस्त पडतात. बहुतेक गाड्यांची विक्री तीन ते सहा महिने आधी उघडते आणि पहिल्या दिवसांतले दर सर्वांत कमी असतात. एक कागद घ्या, डावीकडे पासची किंमत अधिक आरक्षणं लिहा, उजवीकडे चार सुट्या तिकिटांची बेरीज. अर्ध्या तासाचं काम आहे.

अनुभवाच्या दोन गोष्टी. इथल्या काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात, पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. माझे आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना घाईत चढवलं आणि चुकीच्या अर्ध्यात बसवलं. शेजारच्या आजोबांनी तिकीट बघितलं म्हणून पुढच्या स्टेशनवर उतरून पुढच्या अर्ध्यात धावले. डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. फलाटही अ, ब, क अशा तुकड्यांत विभागलेले असतात, आपला डबा कुठल्या तुकड्यासमोर लागणार ते आधी बघून तिथंच उभं राहायचं.

दुसरं, जर्मनीत गाड्या उशिरा धावतात. मला वाईट वाटतं, पण खरं आहे. जिथं गाडी बदलायची तिथं तासाभराची फट ठेवा, आणि शक्य असेल तर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा, म्हणजे जोडगाडी चुकली तर पुढच्या गाडीनं नेण्याची जबाबदारी रेल्वेची. युरोपीय नियमानं एक तास उशिराला तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के परत मागता येतात.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आल्प्सवेडी ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्यानं वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी बोललंच नाही, मग एकानं बर्लिनवर काट मारली. आता नेमकं कोणाला काय बघायचंय हे प्रत्येकानं एकच ठिकाण लिहून द्यायचं ठरलंय. मी धरून चाललो होतो की सगळ्यांना पॅरिस आणि रोम. चिठ्ठ्या वेगळ्याच निघाल्या. आमच्या बाईंना इथंच लिहायला सांगितलंय.

---

खडू_फळा

मीच ती भूगोलाची बाई. गुडघाही माझाच.

चोवीस वर्षं मी हिमनदी शिकवते. फळ्यावर 'यू' आकाराची दरी काढते, हिमोढ दाखवते, मुलं वहीत उतरवून घेतात. त्र्यंबकच्या डोंगरात वाढलेल्या मुलाला बर्फाची नदी सांगायची म्हणजे हातवारे करून सांगावी लागते. मी स्वतः एकही पाहिलेली नाही. चिठ्ठीत मी लिहिलं : मोर्टेराट्श हिमनदी.

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, पोंट्रेसिनाजवळ, बेर्निना रेल्वेमार्गावर मोर्टेराट्श नावाचं लहानसं स्टेशन आहे. तिथून हिमनदीकडे जाणारी पायवाट आहे आणि त्या वाटेवर पाट्या लावल्या आहेत. कुठल्या वर्षी हिमनदीचं टोक इथवर होतं, ते साल पाटीवर. म्हणजे चालत जाताना हिमनदी किती मागे सरकली ते आपल्या पायांनी मोजता येतं. मला तिथं उभं राहून आठवीच्या वर्गासाठी फोटो काढायचाय. पॅरिस राहिलं तरी मला चालेल, मित्रांना चालणार नाही हे माहीत आहे.

वाट कितपत चढाची आहे हे कोणी गेलं असेल तर सांगा. काठी घेऊन तासभर सपाटीवर मी आरामात चालते.

---

आल्प्सवेडी

ताई, मी गेलेय. सुरुवातीची वाट रुंद आणि सौम्य चढाची आहे. शेवटच्या टोकापर्यंत जायचा हट्ट धरू नका, पाट्या वाटभर आहेत, पहिल्या काहींतच तुमचा धडा पुरा होईल. गुडघ्याला परत येताना उतार जाणवतो, दोन काठ्या घ्या.

राहायला पोंट्रेसिना. महाग भाग आहे, पण तिथलं युथ हॉस्टेल स्टेशनला लागूनच आहे आणि स्विस युथ हॉस्टेलला वयाची अट नसते. सहा जणांची खोली मिळाली तर उत्तम. हंगाम संपल्यावर बंद असतं, त्यामुळे तारखा आधी बघा. उंची १,८०० मीटर, तुमच्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी असेल.

---

बँकर_इंजिन

मी मध्य रेल्वेतून निवृत्त. बरीच वर्षं कसारा-इगतपुरी घाटात काढली. बेर्निना शब्द वाचला आणि लिहिल्यावाचून राहवेना.

आपला थळ घाट १ ला ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एवढ्या चढाला आपण कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतो, हे तुम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलंय. बेर्निनाचा कडक चढ ७ टक्के, म्हणजे साधारण १ ला १४. आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय, नुसत्या चाक आणि रुळाच्या घर्षणावर. गाड्या लहान आणि हलक्या, रूळ मीटरगेज, हे खरं. तरीही १ ला १४ वर पावसाळी ओल्या रुळांवरून गाडी काढणं म्हणजे काय ते मला विचारा.

ओस्पिझिओ बेर्निना स्टेशन २,२५३ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून सहाशे मीटर वर रेल्वे स्टेशन. तिथून गाडी इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरवर उतरते. कळसूबाईच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त उतार, एका बसणीत. ब्रुसिओला तर गाडी दगडी कमानींच्या पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच खालून जाते. या वाटेवरच्या थुसिस ते तिरानो भागात ५५ बोगदे आणि १९६ पूल. तो भाग २००८ पासून जागतिक वारसा.

पॅनोरामा काचांच्या बेर्निना एक्सप्रेसला जास्तीचं आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या प्रवासी गाड्याही जातात. आरक्षण नाही, कुठंही उतरा, पुढच्या गाडीत चढा. मध्ये गाडी बदलावी लागते एवढंच. काही डब्यांच्या काचा खाली घेता येतात, त्या पॅनोरामात घेता येत नाहीत. माझं मत साध्या गाडीला. कूरकडून येताना उजवीकडे बसा, फिलिसुरजवळ ६५ मीटर उंच लांडवासर पूल येतो. वळणावरच पूल आहे आणि पलीकडे सरळ कड्यात बोगदा. वळणामुळे आपलंच इंजिन समोर पुलावर दिसतं.

पुढे व्हेनिसहून व्हिएन्नाला जाणार असाल तर रात्रीच्या गाडीनं जाऊ नका. दिवसा जा. वाटेत सेमरिंग घाट लागतो. तो १८५४ साली पुरा झाला. आपला थळ घाट १८६५ चा. चढ जवळपास सारखाच. बोगदे खणायला तेव्हा डायनामाइट नव्हतं, ते नंतर आलं. आमच्या घाटात जी माणसं राबली त्यांची आठवण मला अशा ठिकाणी येते. सेमरिंगवर त्या इंजिनियरचं, कार्ल फॉन गेगाचं, स्मारक आहे. आपल्या घाटात काम करताना मेलेल्यांची नावंही कुठे नाहीत. असो. दिवसाच जा.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

मी बागवाला. माझ्याकडे पगाराची चिठ्ठी नाही, फॉर्म सोळा नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त. व्हिसाच्या यादीत सगळी कागदं नोकरदारांची दिसतात. माझ्यामुळे बाकी पाच जणांचं अडायला नको, म्हणून विचारतो.

---

मखमलाबादची_मळई

दादा, अजिबात अडत नाही. माझ्या वडिलांचं मी केलंय. आम्ही सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, व्यापाऱ्याकडच्या दोन हंगामांच्या मालाच्या पावत्या आणि त्या पावत्यांचे पैसे ज्या खात्यात आले त्याचं सहा महिन्यांचं विवरण, एवढं लावलं. तीन वर्षांची विवरणपत्रंही भरलेली होती, शेतीउत्पन्न दाखवून. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. सोबत एक साधं पत्र : मी द्राक्ष उत्पादक आहे, इतके एकर बाग आहे, अमुक तारखेला छाटणी आहे म्हणून त्याआधी परत येणार. परत येण्याचं यापेक्षा खरं कारण कोणाकडे असतं?

आणि अर्जाच्या आधी खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका. हंगामाचा पैसा आला तसा दिसू दे.

---

पहिनेची_वाट

एक कळकळीची सूचना, स्वतः सोसलेली. आम्ही गेल्या वर्षी स्वस्त मिळतात म्हणून परत न मिळणारी रेल्वे तिकिटं व्हिसाच्या आधीच काढली. व्हिसा आला, पण निघायची तारीख उलटून चार दिवसांनी. विमानाचे थोडे पैसे परत मिळाले, रेल्वेचा एक युरो नाही. बायकोनं वर्षभर भिशीतून साठवलेले पैसे होते ते. हॉटेलं रद्द करता येणारी घ्या, आणि रेल्वे व्हिसा हातात आल्यावर. चार पैसे वाढले तरी चालतील. म्हणूनच भेटीची वेळ जितक्या लवकर मिळेल तितकी घ्या.

---

थालीपीठ

शाकाहाऱ्यांसाठी. व्हेनिस, व्हिएन्नात अडचण नाही, पोंट्रेसिनात महाग. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, संध्याकाळी मुगाची खिचडी आणि वर मेतकूट, सहा जण खूश. चिवडा, तिळाची चटणी, कोरडी लसूण चटणी, गुळपोळ्या न्या. पेढे, खव्याचं काही, तूप नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. ताजी फळंही नकोत. बागेतला घड मित्राला दाखवायला म्हणून नेला तर विमानतळावरच टाकावा लागेल.

रविवारी ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद. मोठ्या स्टेशनातली उघडी असतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या, व्हिएन्नाचं तर आल्प्समधून येतं.

---

सातपूरकर

थोडक्यात आणखी तीन. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, युरो नाही. सिमकार्ड घेताना स्वित्झर्लंड धरलंय का बघा, पुष्कळ 'युरोप' पॅकमध्ये ते नसतं. पासपोर्ट बॅगेत वर रॅकवर नको, अंगावर. सीमेवर पोलीस गाडीत चढून बघू शकतात. आणि आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करतात (आपले बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात), ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय, रांगेला वेळ धरा.

---

गोदाकाठ

मंडळी, आराखडा नव्यानं बसवला. पॅरिस ४ रात्री, पोंट्रेसिना ३, व्हेनिस ३, व्हिएन्ना ४. पॅरिसला उतरायचं, व्हिएन्नाहून परतायचं. चौदा रात्री, चार घरं, तीन मोठे प्रवास. रोम गेलं. ज्याची चिठ्ठी रोमची होती त्याची समजूत काढायला दोन संध्याकाळी लागल्या. त्याचं ठिकाण पुढच्या सहलीत पहिलं, असं लिहून दिलंय.

सातपूरकर, तुमच्या पद्धतीनं मोजलं. फ्रान्स ४, ऑस्ट्रिया ४, स्वित्झर्लंड ३, इटली ३. दोघं सारखे, पहिलं पाऊल पॅरिसला, म्हणून फ्रान्सकडे अर्ज. बरोबर ना?

नेकारतीर ताईंचा कागद केला. सुटी तिकिटं स्वस्त निघाली, पास रद्द. पॅरिसच्या गार द ल्योंहून झुरिक चार तास, मग कूर, मग पोंट्रेसिना. तिसऱ्या दिवशी हिमनदी नाही, दुसऱ्याच दिवशी, म्हणजे पाऊस आला तर एक दिवस हाताशी राहतो. व्हेनिसला जायच्या दिवशी तिरानो, मिलान अशा दोन गाड्या बदलायच्या, मध्ये सव्वा तासाच्या फटी ठेवल्यात. व्हेनिस-व्हिएन्ना दिवसा. काका, तुमच्यामुळे.

एकमताचं असं ठरवलं : रोजचा एक कारभारी. त्या दिवशी कुठली ट्राम, कुठे जेवायचं, कधी निघायचं हे त्यानंच ठरवायचं, बाकीच्या पाचांनी हो म्हणायचं. पैशांची एकच थैली, सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढायची, वही औषधवाल्याकडे कारण त्याचा हिशेब आम्ही तीस वर्षं तपासलेला नाही आणि तपासायचाही नाही. आणि दर मुक्कामात अर्धा दिवस प्रत्येकजण आपापला.

---

सातपूरकर

बरोबर. अर्जात रात्रींचा तक्ता तसाच जोडा.

---

नेकारतीर

छान झालंय. पॅरिस-झुरिक गाडी दुमजली असते. आरक्षण करताना खालचा मजला मागा, ताईंच्या गुडघ्यासाठी. आणि बॅगांचं काय? इथं हमाल नाहीत. स्वतःची बॅग स्वतः उचलून गाडीत चढवायची, रॅकवर ठेवायची. गाडी थांबते दोन-चार मिनिटं. याचा विचार बहुतेक लोक नाशिकला बसून करत नाहीत.

---

गोदाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आम्ही रविवारी तालीमच केली.

सहाही जणांनी युरोपला नेणार तशाच बॅगा भरल्या, कोट आणि बुटांसह. सकाळी नाशिकरोडला. अट एकच : जिन्यानं पूल चढून फलाटावर यायचं, आपली बॅग आपण, हमाल नाही, लिफ्ट नाही. पंचवटीनं इगतपुरीपर्यंत आणि मिळेल त्या गाडीनं परत.

जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच कळलं. बागवाला दोन बॅगा घेऊन वर पोचला, तो रोज वीस किलोची क्रेट उचलतो. अँजिओप्लास्टीवाला मित्र सातव्या पायरीला थांबला, काही बोलला नाही, फक्त कठड्याला हात लावून उभा राहिला. आम्ही सगळे तिथंच थांबलो. त्याची बॅग मी घेतली तेव्हा मला कळलं ती किती जड आहे. बाईंनी आपली बॅग एकेक पायरी वर ठेवत आणली, आधी बॅग, मग उजवा पाय, मग डावा. गाडी आली. चढताना आम्हा सहा जणांना आणि सहा बॅगांना इतका वेळ लागला की शेवटचा मी पायरीवर असतानाच गाडी हलली.

इगतपुरीला फलाटावर बसून वडे खाल्ले आणि बागेतून आणलेल्या ताणकाट्यावर एकेक बॅग टांगली. सर्वांत जड २१ किलो, सर्वांत हलकी १४. तिथंच ठरलं : कोणाचीही बॅग ११ किलोंच्या वर नाही. तीन जोड कपडे, व्हिएन्नाच्या घरात कपडे धुवायचं यंत्र असेल असंच घर. जाड कोट अंगावर घालून विमानात. मेतकूट, चिवडा आणि खिचडीचं सामान सहा जणांत वाटून, एकाच्या बॅगेत नाही. चढायचा क्रमही ठरला. आधी दोघं रिकाम्या हातांनी आत, दोघं खालून बॅगा देणार, मग बाई, शेवटी मी. अँजिओप्लास्टीवाल्यानं बॅग उचलायची नाही, तिकिटं आणि डब्याचा नंबर त्याच्याकडे. त्याला आधी पटलं नाही. बाई म्हणाल्या, 'तू नीट बघितलं नाहीस तर आम्ही चुकीच्या अर्ध्यात बसू.' मग पटलं.

परतीच्या गाडीत नव्या क्रमानं चढलो. मोबाइलवर वेळ लावली होती, ५२ सेकंद. १४ ते २१ किलोंच्या बॅगा असतानाही.

पुढच्या रविवारी ११ किलोंच्या बॅगांनी पुन्हा.

---

बँकर_इंजिन

कोणत्या गाडीनं? मी फलाटावर येतो, घड्याळ घेऊन. मला देवळालीहून किती लांब आहे?